माहेरचा खिळा

आमच्याकडे म्हणतात, बाप मेला तर उचला आणि पुरा; आई मेली तर थांबा, माणसं यायचीत. ही माणसं म्हणजे तिच्या माहेरची. मामा येणार, शवपेटीत वाकून बहिणीचं तोंड बघणार, भाच्याला गुडघे टेकून समोर बसवून चार गोष्टी विचारणार, आणि त्याचं समाधान झालं तरच कुऱ्हाडीच्या पाठीनं पेटीचे खिळे ठोकणार. तोवर देशाचा अध्यक्ष दारात आला तरी झाकण लागत नाही.

माझी शेजारीण बीहुन आयुष्यभर त्या खिळ्यासाठी जगली, असं मी म्हटलं तर आमच्या गावात कुणी हसणार नाही. बाहेरचे हसतील. हसू देत.

ती मूळची आमच्या किनमेन बेटावरची नव्हे, समोरच्या किनाऱ्यावरची. चार वर्षांची होती तेव्हा बापानं तिला होडीत घालून इकडे आणलं आणि आ-थोच्या घरी देऊन टाकलं. मोठी झाली की त्याची बायको, तोवर घरची राबणारी पोर. अशा पोरी तेव्हा सर्रास दिल्या जायच्या. सणावाराला न्यायला येईन, असं बाप सांगून गेला होता. पुढच्याच वर्षी सैन्य आलं, वाळूत सुरुंग पेरले गेले, किनाऱ्याला लोखंडी शूळ रोवले गेले आणि समोरचं गाव शत्रूचा देश झालं. स्वच्छ हवेत बापाच्या गावच्या चुलींचा धूर इथून दिसायचा, इतक्या जवळचा शत्रू.

सासू तोंडाची फटकळ. भात जरा करपला की म्हणायची, "टाकून दिलेली कार्टी! मेलीस तरी तुझ्यामागे विचारायला कोण येणारंय?" बीहुननं ते वाक्य काळजाला लावून घेतलं. तोफगोळे पडायचे त्या दिवशी आम्ही लहान पोरी भुयारात एकमेकींना चिकटून रडायचो. ही माझ्याहून मोठी, माझ्या कानावर हात दाबून धरायची आणि म्हणायची, "रडू नकोस गं. माझ्याच गावाकडून येतायत. कोणीतरी माझी आठवण काढतंय." मी तेव्हा खरंच मानत होते की माहेरची आठवण अशी धडाम करून येते.

आ-थो स्वभावानं गरीब निघाला, पण लवकर गेला. बरीच वर्षं वाट पाहून झालेला एकच मुलगा, चोंगमिन. त्याला तिनं कालवं फोडून वाढवलं. ओहोटीला गमबूट घालून त्या शुळांमधून खडकांवर जायची, पाठीवर टोपली, आणि घरी येऊन दिवसभर आखूड सुरीनं शिंपले उघडत बसायची. तिच्या बोटांना कधी एकही धड नख राहिलं नाही. पोरगा मात्र हुशार. शिकायला आमच्या देशाच्या मोठ्या बेटावर गेला आणि शिनचूला चिपच्या कारखान्यात लागला. गावातल्या बायका म्हणायच्या, बीहुनताईचं नशीब फळफळलं. ती म्हणायची, "नशीब कसलं? पगार चांगला आहे, पण पोराचं तोंड दिसत नाही."

मग एके वर्षी समोरच्या किनाऱ्याला जाणारी बोट सुरू झाली. अर्धा तास, बस्स. पन्नासएक वर्षांचं वैर अर्ध्या तासावर आलं. पहिल्याच महिन्यात तिचा भाऊ आला. तो ती गेल्यानंतर जन्मलेला, दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलंच नव्हतं. धक्क्यावर मी तिच्यासोबत होते. मला वाटलं, आता रडारड होईल. दोघं नुसते उभे. शेवटी हा म्हणाला, "जेवलीस का?" ही म्हणाली, "जेवले. तू जेवलास?" मग थोडं थांबून पुन्हा तेच. दोघांचंही पोट भरलेलं आहे एवढं नक्की ठरल्यावर आम्ही घरी आलो. रात्रीची भांडी घासताना मात्र ती मला म्हणाली, "आहे गं. विचारायला आहे कोणीतरी."

त्या भावाचा एकुलता एक मुलगा शाओफेंग. तिकडे तेव्हा एकाच पोराचा कायदा. तो चोंगमिनपेक्षा थोडा लहान आणि तेच शिकत होता. सुट्टीत दोघे बीहुनच्या ओट्यावर शेंगा सोलत बसायचे आणि वर्तमानपत्राच्या कडेला रेघोट्या ओढून वाद घालायचे. मी पेज विकणारी बाई, मला काय कळतंय? एकदा विचारलं तर शाओफेंग म्हणाला, "काकू, नखाएवढ्या तुकड्यावर अख्खं शहर वसवायचं असतं." मी म्हटलं, "ते राहू द्या. आधी आमच्या गावाला वेळेवर येणारी बस द्या." दोघे खोखो हसले. बीहुन दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. माहेर आणि सासर एका पाटावर बसलंय, असं काहीतरी तिच्या तोंडावर होतं.

भाऊ छातीच्या दुखण्यानं गेला. जायच्या आधी मुलाला म्हणाला, आत्याचा खिळा आता तुझ्याकडे. शाओफेंगनं बीहुनचा हात धरून तिला शब्द दिला. "आत्या, मी असताना दुसऱ्या कुणाच्या हातात कुऱ्हाड जाणार नाही." ती खुश झाली, त्याच्या ताटात आणखी दोन कालवं वाढली. मरणाचं बोलणं आमच्याकडे असं जेवता जेवता होतं.

आणि मग ते चिपचं सुरू झालं.

मी जे सांगते ते टीव्हीवरून आणि माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांकडून कळलेलं. अमेरिकेनं ठरवलं, पलीकडच्यांना चिप बनवायची ती भारी यंत्रं द्यायची नाहीत. यंत्रं मिळेनात तेव्हा पलीकडच्यांनी आमची माणसं फोडायला सुरुवात केली, तिप्पट पगार देऊन. मग आमच्या सरकारनं कायदे केले: चिपवाल्यानं पलीकडे पाऊल टाकायचं तर आधी परवानगी, कुणाशी बोललात त्याचा जाब, नाहीतर तुरुंग. कारखान्यांना टीव्हीवर देश राखणारा डोंगर म्हणायला लागले. पलीकडचे म्हणतात, हे बेट आमचं. इकडचे म्हणतात, हात तर लावा, साऱ्या जगाचे फोन बंद पडतील.

आमच्या घराण्याच्या देवळाचं बघणारे ओंग काका रोज सकाळी माझ्याकडे पेज प्यायला येतात. तळलेली पिठाची कांडी पेजेत बुडवत ते एकदा म्हणाले, "डोंगर शिनचूला. शिनचूवर बाँब टाकायला कुणाची छाती नाही. आपल्याकडे काय आहे गं? भुईमूग आणि दारूची भट्टी."

"दारू चांगली असते आपली," मी म्हटलं.

"चांगली असते. पण ती बंद पडली तर अमेरिका रडणार आहे का?"

सगळं दुकान हसलं. मीही हसले. हसण्यासारखं काही नव्हतं. डोंगर ज्यांच्या अंगणात आहे त्यांना तो राखेल. आम्ही उंबऱ्यावरचे, पलीकडच्यांना आमच्यावर पाय देऊनच आत जायचंय.

बीहुनला यातलं काही समजत नव्हतं आणि तिनं समजून घ्यायचंही नाकारलं. तिला एवढंच दिसत होतं की चोंगमिन आता शाओफेंग असताना घरी येत नाही. शाओफेंग तिकडे ज्या चिपच्या कारखान्यात लागला होता तो अमेरिकेच्या काळ्या यादीत होता, आणि चोंगमिन त्याच जातीच्या चिपवर काम करत होता.

"भांडलात का रे?" ती फोनवर विचारायची.

"नाही आई."

"मग त्याला फोन का करत नाहीस?"

"काम असतं गं."

"काम त्यालाही असतं. पण तो तुझं विचारतो."

मग तीच बोट धरून जायची, गुडघे चालत होते तोवर. इकडून शेंगांची वडी आणि दारूची बाटली, तिकडून चहाची पुडी. याला सांगायची, त्याच्या बायकोला मुलगी झाली. त्याला सांगायची, याचे केस गळायला लागले. एवढे मोठे दोन इंजिनियर, आणि त्यांच्यात निरोप्या कोण, तर नाव लिहिता न येणारी म्हातारी. तिची माहेरची वाडी तर केव्हाच जमीनदोस्त झाली होती. तिथेही कारखानेच उभे राहिले. बापाच्या विहिरीवर आता गाड्या लावतात, असं मला सांगून ती म्हणाली, "गाव गेलं तर गेलं. माणूस आहे ना."

या हिवाळ्यात वारा सुटला तेव्हा तिच्या छातीत कफ साठला. दवाखान्यात राहायला ऐकेना. मी दुकान बंद करून तिच्याजवळ बसायचे. शेवटच्या सकाळी माझ्या हातून दोन चमचे पेज प्यायली, म्हणाली, "मीठ कमी आहे," आणि थोड्या वेळानं म्हणाली, "शाओफेंगला कळव." मुलाचं नाव घेतलं नाही. मुलगा येणारच, असं गृहीत असेल. मग तिनं डोळे मिटले.

चोंगमिनला फोन लावला, शाओफेंगला लावला. शाओफेंग लहान पोरासारखा रडला. "येतो काकू, बोटीनं येतो. झाकण लावू देऊ नका." दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज दबका होता. त्याचा इकडे यायचा परवाना कारखान्यानं स्वतःकडे ठेवून घेतलेला. मागितला तर वरिष्ठ म्हणाले, अशा दिवसांत तिकडे जायचं म्हणजे काय, विचार करून सांगतो. आणि त्यांनी दिला असता तरी, त्या कारखान्याचा माणूस म्हटल्यावर आमच्या बाजूनं त्याला धक्क्यावर उतरू दिलं नसतं. दार दोन्हीकडून बंद.

पेटी दिवाणखान्यात उघडी. ओंग काका डोकं खाजवत म्हणाले, "अगं, तिच्या माहेरच्या आडनावाचे आंग आपल्या बेटावर ढिगानं आहेत. एखादा उसना आणू. चालतं तसं."

माझं डोकं फिरलं. "काका, तिला एकदा दुसऱ्याच्या दारात सोडलंच होतं. आता माहेरही उसनं आणायचं का तिच्यासाठी?"

मग मीच म्हटलं, शाओफेंगला फोनवर दाखवू. तो तिकडून बघेल, विचारेल, परवानगी देईल.

"मामा आता खिशात मावायला लागला तर!" काका करवादले. पण बराच वेळ चिलीम फुंकून म्हणाले, "त्यानं तिचं तोंड बघितलं पाहिजे. मुलाला विचारलं पाहिजे. मुलानं त्याला तोंडानं उत्तर दिलं पाहिजे. आणि त्यानं 'ठोका' म्हटलं पाहिजे. एवढं झालं तर त्याच्या नावानं कुऱ्हाड मी उचलतो. यातलं एक जरी राहिलं तर मी हात लावणार नाही, सांगून ठेवतो." कुऱ्हाडीला त्यांनी स्वतः लाल फडकं बांधलं. शाओफेंगनं मित्राच्या फोनवरून बोलायचं कबूल केलं. मला वाटलं, जमलं. बीहुन, जमलं गं.

वाऱ्यामुळे विमानं रद्द झाली होती, म्हणून चोंगमिन उशिरा आला. बायकोमुलांना आणलं नव्हतं. रिवाजाप्रमाणे गल्लीच्या तोंडापासून गुडघ्यांवर रांगत आला, आईच्या पायांना मिठी मारून रडला. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी सांगते. सुतकाचा तागाचा झगा चढवताना मी त्याला फोनचं सांगितलं, तर त्याचे हात थांबले.

"काकू, माझा चेहरा त्या फोनमध्ये जाता कामा नये."

"म्हणजे?"

"आवाजसुद्धा नाही."

"अरे, मामाच्या जागी आहे तो! उत्तर तुलाच द्यायचंय!"

"तो कुठे काम करतो माहीत आहे ना तुम्हाला? तो माझा मामेभाऊ आहे, हे मी ऑफिसात आजवर सांगितलेलं नाही. आमच्यातल्या एकाचा तिकडच्या माणसांबरोबर जेवतानाचा जुना फोटो निघाला. साधा फोटो! त्याला चौकशीला नेलं, नोकरी गेली, अजून कोर्टात खेटे घालतोय."

"आईच्या पेटीपुढे कोण फोटो बघायला येणारंय?"

"तिकडे त्याचा फोन ऐकत नसतील? इकडे माझा? काकू, माझी दोन पोरं आहेत."

"आणि तिला एकच होतं," मी म्हटलं. लागेल असंच म्हटलं होतं, लागलं. त्यानं मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि त्याच वेळी हेही दिसत होतं की हा माणूस घाबरलाय, खराखुरा, भुयारात आम्ही घाबरायचो तसा.

वेळ झाली. मी फोन पेटीवर धरला. पडद्यावर शाओफेंग, कुठेतरी गाडीत बसलेला, अंगात कारखान्याचं जाकीट, दंडाला पांढरी फीत. आत्याचं तोंड त्यानं नीट बघून घेतलं. मग डोळे पुसून त्यानं बापानं शिकवल्याप्रमाणे आवाज ताठ केला.

"बहिणीच्या घरचा मुलगा कुठे आहे?"

चोंगमिन दाराच्या चौकटीआड गुडघ्यांवर बसला होता, माझ्यापासून दोन हातांवर. झग्याची बाही तोंडात कोंबलेली.

"आहे," मी म्हटलं. "बसलाय गुडघ्यांवर."

"मग दाखवा ना, काकू." क्षणभर मामा गेला आणि ओट्यावर शेंगा सोलणारा पोरगा आला. "किती वर्षांत बघितलं नाही त्याला."

मी फोन हलवला नाही. ओंग काका माझ्याकडे बघत होते. शाओफेंग पुन्हा ताठ झाला आणि त्यानं विचारायचं ते विचारलं. "तिला पोटभर जेवायला मिळत होतं का? थंडीत अंगावर ऊब होती का? डोळे मिटताना जवळ कोण होतं?"

बाहेर वारा पत्र्यावर आपटत होता. चौकटीआडून तेवढा बाही चावल्याचा आवाज येत होता, फोनपर्यंत न पोचणारा.

"चोंगमिनदादा," शाओफेंग हळूच म्हणाला. "एक शब्द बोल. हो म्हण नुसतं. मी लगेच ठोका म्हणतो."

मी वळून बघितलं. चोंगमिननं मान जोरजोरात हलवली: नाही, नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मला वाटतं शाओफेंगला कळलं. माझ्या तोंडावरून कळलं असेल, किंवा तोही त्याच भीतीत जगत असेल. तो रागावला नाही, तेच मला जास्त लागलं. म्हणाला, "काकू, उत्तर मिळाल्याशिवाय परवानगी द्यायची नसते, असं बाबांनी सांगितलंय. पण मी नाहीसुद्धा म्हणत नाही. मला..." तेवढ्यात त्यानं गाडीच्या काचेबाहेर बघितलं, कोणी आलं असावं, आणि पडदा काळा झाला. मी परत लावला. लागला नाही.

ओंग काकांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवली. "मी शब्द दिला होता," ते म्हणाले. "माहेरनं हो म्हटलेलं नाही. मी हात लावणार नाही."

शुभ घटका टळत चालली होती. आंग आडनावाचा उसना माणूस आणायलाही आता उशीर झाला होता, आणि मीच तर त्याला नको म्हटलं होतं. शेवटी अंत्यविधीच्या कंपनीतून आलेल्या माणसानं पिशवीतून स्क्रू पिळायचं विजेचं यंत्र काढलं. शहरात आता असंच करतात, म्हणाला. खिळे ठोकताना आमच्याकडे जे शुभ शब्द म्हणतात, त्यातला एकही त्याला येत नव्हता. चार कोपऱ्यांवर चार वेळा घरघर झाली आणि बीहुन बंद झाली.

झाकण लागल्यावर चोंगमिन चौकटीआडून बाहेर आला. पेटीपुढे बसून कपाळ जमिनीला लावलं आणि मोठ्यानं बोलायला लागला. आता ऐकायला माहेरचं कोणी नव्हतं, म्हणून बोलायला भीती नव्हती.

"जेवायला मिळत होतं," तो म्हणाला. "मी दर महिन्याला पाठवत होतो. ऊब होती. गेल्या वर्षी विजेचं पांघरूण आणून दिलं होतं."

मग तो थांबला. डोळे मिटताना जवळ कोण होतं, ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"मी होते," मी म्हटलं. "शाओफेंगला कळव, म्हणाली."